गोव्यात घर घेताना किंवा विकताना वकील कसा निवडावा

गोव्यात घराचा व्यवहार बहुतेक वेळा एका ठरलेल्या क्रमाने होतो. जागा आवडते, दर जुळतो, दलाल घाई करतो, टोकन दिलं जातं आणि मग कुणीतरी म्हणतं, "आता एखादा वकील बघू या." हा क्रम उलटा करा. वकील आधी, टोकन नंतर. एकदा पैसे दिले की वकिलाने काढलेली प्रत्येक शंका आपल्याला अडथळा वाटू लागते. "एवढं काय होतंय" असं आपणच त्याला सांगायला लागतो, आणि फसवणूक नेमकी तिथेच होते.

गोव्यात मालमत्तेच्या वकिलाचं खरं काम विक्रीखत टाइप करून देण्याचं नसतं. विकणाऱ्याला विकायचा हक्क आहे का, आणि तो त्या एकट्याचा आहे का, हे शोधणं हे त्याचं काम असतं. वकील निवडायचा तो याच निकषावर.

गोव्याचे कागद वाचता येतात का?

पुणे-मुंबईहून किंवा सिंधुदुर्गातून येणाऱ्या मराठी माणसाला सातबारा ठाऊक असतो. तो गोव्यातला एक-चौदाचा (जमिनीच्या हक्कनोंदीचा) उतारा पाहतो आणि "हाच सातबारा" म्हणून निर्धास्त होतो. इथे एक-चौदा तयार झाला तो मुक्तीनंतर, 1968च्या जमीन महसूल कायद्याखाली झालेल्या सर्व्हेत. त्याआधीची मालकी वेगळ्याच वह्यांमध्ये आहे. पोर्तुगीज काळातल्या लँड रजिस्ट्रेशनच्या नोंदींत मालमत्तेचं वर्णन 'बुक बी'मध्ये आणि हस्तांतरण 'बुक जी'मध्ये सापडतं. कर आकारणीसाठीची मात्रीज नोंद आणखी निराळी. पणजीच्या पुराभिलेख खात्यात जुने दस्त आहेत आणि ते पोर्तुगीज भाषेत आहेत. शहरी भागात एक-चौदाऐवजी फॉर्म डी असतो, आणि मालमत्ता ओळखली जाते ती पी. टी. शीट नंबर व चलता नंबरने (शहर सर्व्हेच्या नकाशाचा व त्यातल्या भूखंडाचा क्रमांक).

जुन्या वर्णनातलं भाट (बागायती जमीन) आजच्या सर्व्हे नंबराशी जुळतं का, हे जुळवणं सगळ्यात कठीण काम आहे. जुन्या दस्तात नंबर नसतो. पूर्वेला अमक्याचं भाट, पश्चिमेला नाला, उत्तरेला वाट, अशा चतुःसीमा असतात. ज्याने हे काम केलेलं नाही तो वकील एक-चौदावरच थांबतो आणि "टायटल क्लिअर" असं लिहून देतो. उताऱ्यावरचं नाव कायद्याच्या दृष्टीने गृहीतक आहे, मालकीचा पुरावा नव्हे. आपल्या न्यायालयांनी हे वारंवार सांगितलं आहे.

याचा फायदा घेतला जातो तेव्हा काय होतं ते आपण पाहिलंच आहे. जुन्या मालकांच्या, परदेशी गेलेल्यांच्या आणि वारस नसलेल्यांच्या जमिनी बनावट दस्तांनी हडपल्याच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा 2022 साली गोवा सरकारला पोलिसांचं विशेष तपास पथक नेमावं लागलं. त्याच वर्षी निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोगही नेमला गेला. अशा जमिनी विकत घेणाऱ्यांतही साधी माणसं होती, आयुष्याची पुंजी घालून बसलेली.

वकील कुठे शोधायचा

मालमत्ता ज्या तालुक्यात आहे त्या तालुक्याच्या ठिकाणी शोधा. बार्देशातली जागा असेल तर म्हापसा, सासष्टीतली असेल तर मडगाव, तिसवाडीतली असेल तर पणजी. स्थानिक वकिलाचा सब-रजिस्ट्रारकडे, मामलेदाराकडे आणि तिथल्या दिवाणी न्यायालयात रोजचा वावर असतो. कोणत्या वाड्यावर मुंडकारांची (दुसऱ्याच्या जमिनीत राहणाऱ्यांची) घरं आहेत, कुठे कोमुनिदादच्या (गावसंस्थेच्या सामायिक) जमिनीवर घरं उभी राहिली आहेत, कोणत्या भाटाची इन्व्हेंटरी (वारसांमधल्या वाटणीची न्यायालयीन प्रक्रिया) वर्षानुवर्षं रखडली आहे, हे त्याला कागद काढण्याआधीच माहीत असतं. मुंबईतली नामांकित सॉलिसिटर फर्म नेमली तरी शेवटी तिला हे काम इथल्याच वकिलाकडून करून घ्यावं लागतं.

मात्र स्थानिक असण्याची दुसरी बाजूही आहे. गाव लहान, माणसं नात्यातली. तुमचा वकील विकणाऱ्याचा मावसभाऊ निघू शकतो, किंवा त्याच दलालाची वर्षभरातली बरीच कामं करणारा असू शकतो. म्हणून पहिल्याच भेटीत सरळ विचारा: "विकणाऱ्यांचं, बिल्डरचं किंवा या एजंटाचं काम तुम्ही कधी केलंय का?" चांगला वकील या प्रश्नाने दुखावत नाही. एका पक्षाला सल्ला दिलेल्या वकिलाने त्याच प्रकरणात विरुद्ध पक्षाचं काम करू नये, असा बार कौन्सिलचा नियमच आहे.

दलालाने सुचवलेला वकील नको. बिल्डरचा तर नकोच. "दोघांचं मिळून एकच वकील करू, खर्च वाचेल" ही सूचना घरच्यांकडूनही येते. ओळखीतला व्यवहार असला तरी ती ऐकू नका. बँकेच्या पॅनलवरचा वकील गृहकर्जासाठी शोध अहवाल देतो तेव्हा तो बँकेचं हित पाहत असतो. तो अहवाल वाचायला जरूर मागा, पण तो स्वतःच्या वकिलाची जागा घेत नाही.

नावं विचारायची ती ज्यांच्या टायटलची कसोटी लागली आहे अशा लोकांकडे. ज्याने वडिलोपार्जित घराची इन्व्हेंटरी पूर्ण केली, ज्याने गेल्या चार-पाच वर्षांत जुनं घर घेऊन म्युटेशन (उताऱ्यावरचा फेरफार) नावावर करून घेतलं, किंवा मुंडकाराच्या दाव्यातून जो बाहेर पडला, असा माणूस गाठा. सर्व्हे खात्यातले निवृत्त कर्मचारी आणि खाजगी सर्व्हेअर यांनाही चांगले वकील कोण हे ठाऊक असतं, कारण प्लॅन घेऊन कोण प्रत्यक्ष जागेवर येतो हे त्यांनी पाहिलेलं असतं. फौजदारी खटल्यांत गाजलेलं नाव इथे कामाचं नाही. दिवाणी बाजूचा, त्यातही वारसा आणि जमिनीची कामं करणारा हवा. वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे, त्यामुळे मोठ्या फलकांवरून काही ठरवू नका.

दोन-तीन नावं हाताशी आली की त्यांची सनद तपासा. गोव्यातले वकील 'बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा'कडे नोंदलेले असतात. नोंदणी क्रमांक मागणं यात अपमान कसला? ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावाने शोधलं तर तो कोणत्या प्रकारची प्रकरणं चालवतो याचाही अंदाज येतो.

पहिली भेट

रिकाम्या हाताने जाऊ नका. एक-चौदा किंवा फॉर्म डीचा ताजा उतारा, सर्व्हे प्लॅन, विकणाऱ्याने दिलेल्या दस्तांच्या झेरॉक्स प्रती आणि घरपट्टीची पावती एवढं सोबत असलं तरी अर्ध्या तासात माणूस कळतो. सल्ल्याची फी द्यावी लागली तर द्या. फुकट सल्ल्यापेक्षा ती स्वस्त पडते.

उतारा त्याच्यापुढे ठेवा आणि तो काय करतो ते बघा. कब्जेदाराच्या रकान्यातलं नाव वाचून जो "ठीक आहे" म्हणतो, त्याला नमस्कार करून बाहेर या. ज्याला काम येतं त्याची नजर खाली कुळांच्या रकान्याकडे आणि 'इतर हक्क' या रकान्याकडे जाते. मग संवाद साधारण असा होतो.

"वकीलसाहेब, एक-चौदावर त्यांच्या वडिलांचं नाव आहे. वडील वारले. मुलगा विकतोय."

"मुलं किती?"

"दोन भाऊ, एक बहीण. बहीण लग्न होऊन लिस्बनला असते."

"मग बहिणीची सही लागेल, तिच्या नवऱ्याचीही. आई हयात आहे? अर्धा हिस्सा तिचा असणार. इन्व्हेंटरी झालीय की नुसतं वारसाखत?"

हा शेवटचा प्रश्न आला की समजा, योग्य माणसासमोर बसलो आहोत. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कौटुंबिक कायदा आजही लागू आहे. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामायिक धरली जाते, आणि स्थावर विकायचं तर दोघांच्याही सह्या लागतात. मुली-जावयांचा प्रश्न त्यातूनच येतो. वारसांच्या वाटणीसाठी 2012चा वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कायदा आहे, तो 2016मध्ये अंमलात आला. विशेष नोटरीपुढे केलेलं वारसाखत वारस कोण एवढंच सांगतं. कोणता सर्व्हे नंबर कुणाच्या वाट्याला आला हे इन्व्हेंटरीत ठरतं, किंवा सगळ्या वारसांनी मिळून विकलं तर त्या विक्रीखतात. अविभक्त हिस्सा बाहेरच्याला विकला जात असेल तर सहमालकांना आधी घेण्याचा हक्क असतो. आईवडील एका मुलाला घर विकत असतील तर बाकीच्या मुलांची संमती लागते. यातलं काहीही वकिलाला समजावून सांगायची पाळी तुमच्यावर येऊ नये.

याच भेटीत आणखी काही गोष्टी विचारा, पण पाठ केल्यासारख्या नकोत, तुमच्या जागेला लागू पडतील तेवढ्याच. शोध किती मागे नेणार? तीस वर्षांचा शोध ही रीत आहे. गोव्यात मात्र जुन्या मालमत्तेसाठी 1961पूर्वीच्या नोंदींपर्यंत जाणारा वकील मी निवडेन. पोर्तुगीज दस्तांचं भाषांतर कोण करतं? जागेवर स्वतः येणार का? हा प्रश्न मी कधीच वगळणार नाही, कारण मुंडकाराचं घर अनेकदा कागदावर नसतं, जमिनीवर असतं. 1975च्या मुंडकार कायद्याने भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेत राहणाऱ्याला हुसकावण्यापासून संरक्षण आणि राहतं घर विकत घेण्याचा हक्क दिला आहे. उताऱ्यात नोंद नाही म्हणून हक्क नाही असं होत नाही. परसातल्या त्या छोट्या घराची घरपट्टी, वीजबिल आणि रेशनकार्ड कुणाच्या नावावर आहे, हे तिथे जाऊनच कळतं. कुळांचंही तसंच. कूळ कायद्याच्या 1976च्या दुरुस्तीनुसार 20 एप्रिल 1976 या दिवशी कसणारं कूळ जमिनीचं मालक झाल्याचं मानलं जातं. शेताला किंवा बागायतीला लागून असलेलं घर घेताना हे सोडून चालणार नाही.

अहवालावरून वकील ओळखा

शोध अहवाल म्हणजे वकिलाच्या कामाचा आरसा. नाव पुसून टाकलेला एखादा जुना अहवाल नमुन्यादाखल मागा. वाईट अहवाल दोन पानांचा असतो: मालमत्तेचं वर्णन, मग "मी कागदपत्रं पाहिली आहेत" आणि शेवटी "मालकी निर्वेध व विक्रीयोग्य आहे". कोणते कागद पाहिले, मूळ की झेरॉक्स, कुठे पाहिले, काहीच नाही.

चांगल्या अहवालात साखळी असते. अमुक साली अमक्याच्या नावे इन्स्क्रिप्शन (जुन्या रजिस्टरातली हस्तांतरणाची नोंद), त्याच्या मृत्यूनंतर इन्व्हेंटरी, त्यात अमुक मुलाला वाटा, त्याने कधी विकलं, दस्ताचा नोंदणी क्रमांक काय. जिथे दुवा सुटतो तिथे तसं स्पष्ट लिहिलेलं असतं आणि तो भरून काढायला काय करावं लागेल हेही. सर्टिफाइड प्रती त्याने स्वतः कार्यालयातून काढलेल्या असतात. विकणाऱ्याने हातात ठेवलेल्या प्रतीवर तो विसंबत नाही. बनावट दस्तांच्या या काळात हा फरक फार महत्त्वाचा आहे. जिल्हा न्यायालयात आणि पर्वरीच्या उच्च न्यायालयात मालकांच्या नावाने दावे आहेत का, याचीही नोंद त्यात असते.

मालकीच्या पलीकडे जमिनीचा झोन कोणता, हेही अहवालात असायला हवं. सेटलमेंट (वस्तीचा) की ऑर्चर्ड (बागायतीचा)? शेतजमिनीच्या बिगरशेती रूपांतराची सनद आहे का? भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्यांना देण्यावर 2023च्या कायद्याने निर्बंध आले आहेत, तरी भातशेतीचे तुकडे 'उद्या झोन बदलेल' असं सांगून विकायचे प्रयत्न होतात. तुकडा पाडून विकत असतील तर नगरनियोजन खात्याची मंजुरी लागते. किनारा किंवा नदी जवळ असेल तर सीआरझेडचे (किनारी नियमन क्षेत्राचे) नियमही पाहायचे. आणि जमीन खाजगी आहे, कोमुनिदादची की देवस्थानची, याचं उत्तर पहिल्याच पानावर हवं.

फ्लॅटचं काम तुलनेने सोपं आहे, पण सोपं म्हणून सोडून देण्यासारखं नाही. प्रकल्प गोवा रेराकडे (बांधकाम प्रकल्पांच्या नियामकाकडे) नोंदलेला आहे का आणि पंचायत-पालिकेचा ऑक्युपन्सी दाखला आहे का ते पाहायचं. नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डरला दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. खालच्या जमिनीचा शोध मात्र घराइतकाच खोल हवा.

फी आणि लेखी नेमणूक

फी टप्प्यांत ठरवा: शोध आणि अहवाल, मसुदे, नोंदणीच्या दिवशी हजेरी, म्युटेशन. अहवालाची फी व्यवहार झाला काय, मोडला काय, द्यायचीच असते. "व्यवहार झाला तरच द्या" म्हणणाऱ्या वकिलाला व्यवहार मोडलेला नको असतो, आणि तुम्हाला तर व्यवहार मोडायला सांगू शकेल असाच माणूस हवा आहे. निकालावर अवलंबून फी घेणं बार कौन्सिलच्या नियमांतही बसत नाही. किमतीच्या टक्क्यांत फी मागितली तरी माझा कल ठरावीक रकमेकडेच राहील.

स्टॅम्प ड्युटी, नोंदणी शुल्क, सर्टिफाइड प्रती आणि भाषांतर हे खर्च वेगळे लिहून घ्या. स्टॅम्प ड्युटी किमतीच्या टप्प्यांनुसार बदलते, म्हणून तिचा हिशोब लेखीच मागा. "ऑफिसातल्या लोकांना द्यायला" म्हणून वेगळी रक्कम मागणाऱ्याकडे काम देऊ नका. घराची रक्कमही वकिलाच्या खात्यातून फिरवू नका. ती थेट विकणाऱ्यांच्या खात्यांत, ज्याच्या त्याच्या हिश्श्याप्रमाणे बँकेतून जावी. ठरलेलं सगळं एका पानावर लिहून दोघांनी सही करा. 2024 साली सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या बाहेर असल्याचं स्पष्ट केलं आहे, त्यामुळे ग्राहक मंचाचा आधार आता नाही. गैरवर्तनाची तक्रार बार कौन्सिलकडेच करावी लागते, आणि तिथे हे एक पान कामी येतं.

विकणाऱ्यांनी वकील कधी गाठायचा

गिऱ्हाईक येण्याच्या बरंच आधी. आपल्याकडे आजोबांच्या नावावरचं घर तसंच राहतं, वारस मुंबई, लंडन आणि लिस्बनमध्ये पांगतात, आणि गिऱ्हाईक दारात आल्यावर इन्व्हेंटरीची आठवण होते. वारसांत एकमत असेल तर काम सरळ होतं. नसेल तर वर्षं जातात आणि गिऱ्हाईक थांबत नाही.

विकणाऱ्याने वकील निवडताना त्याला वारसांशी बोलता येतं का, हेही बघायला हवं. भावाला नोटीस पाठवण्याआधी फोन करणारा वकील घर वाचवतो. परदेशातल्या वारसाचं मुखत्यारपत्र कसं हवं, हे त्याला नेमकं सांगता आलं पाहिजे: भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेलं, किंवा तिथल्या नोटरीपुढे करून अपोस्टिल (आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण) केलेलं, आणि भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत स्टॅम्प भरलेलं. विकणारा अनिवासी किंवा परदेशी नागरिक असेल तर कर कापण्याचे नियम वेगळे लागतात. निवासी विकणाऱ्याच्या बाबतीत पन्नास लाख किंवा त्याहून जास्त किमतीवर घेणारा एक टक्का टीडीएस कापतो. परदेशी पारपत्र घेतलेल्या घरच्यांसाठी शेतजमिनीचे वेगळे निर्बंध आहेत. इथे वकिलासोबत सीएही बसवा.

काम सुरू झाल्यावर

टोकन द्यायचंच असेल तर लहान द्या, आणि टायटल सदोष निघालं तर परत मिळेल हे लिहून घ्या. हा मसुदा वकिलानेच करायचा. त्यानंतर त्याने एका मराठी आणि एका इंग्रजी दैनिकात जाहीर सूचना द्यावी. हरकती यायच्या त्या याच वेळी आलेल्या बऱ्या. फक्त नोटरीपुढे केलेल्या कागदावर किंवा मुखत्यारपत्रावर घर 'घेऊ' नका. मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात सांगितलं आहे.

वकील फोन उचलत नसेल, मसुदा वाचायला न देता थेट नोंदणीच्या दिवशी सही करायला बोलावत असेल, किंवा तुमच्या शंकेला "गोव्यात असंच चालतं" असं उत्तर देत असेल, तर वकील बदला. तेवढ्यासाठी व्यवहार आठवडाभर लांबला तरी चालेल. फाइल आणि प्रती परत मागून घ्या.

नोंदणी झाली म्हणजे काम संपलं असं बहुतेकांना वाटतं आणि म्युटेशन राहून जातं. मग पुढच्या पिढीला कळतं की एक-चौदावर अजून जुनंच नाव आहे. म्हणून फीचा शेवटचा हप्ता नव्या उताऱ्याला बांधून ठेवा. कब्जेदाराच्या रकान्यात तुमचं नाव आणि म्युटेशन क्रमांक आलेला उतारा, घरपट्टी आणि वीज जोडणी तुमच्या नावावर झाल्याची पावती, शोधात काढलेल्या सगळ्या सर्टिफाइड प्रती आणि अहवालाची मूळ प्रत, हे सगळं वकिलाने एका फाइलमध्ये लावून तुमच्या हाती दिलं की तो हप्ता द्या.